उकंडाच्या मडक्यातला वाघ

ज्वारी निसवायला लागली, कणसं डोकावू लागली की मेडशीच्या लोकांना घड्याळाची गरज उरत नसे. दिवस डोंगराआड टेकला की जंगलकाठच्या शेषराव पाटलाच्या वावरातून वाघ गुरगुरायचा आणि बाया म्हणायच्या, "चाला वं, उकंडाचा वाघ बोलला, चुलीले जाळ घाला." गावात नव्यानं आलेली सून पहिल्या संध्याकाळी हमखास घागर टाकून पळत सुटायची आणि सासू पदर तोंडात कोंबून हसायची. पुढच्या साली तीच सून दुसऱ्या नवीला भिवडवायची. वाघ असा गावाच्या घरचाच होऊन गेला होता. तो राहायचा पाटलाचं वावर राखणाऱ्या उकंडाच्या माळ्यावर, एका मडक्यात.

माळा म्हणजे वावराची राखण करायला चार खांबांवर बांधलेली बसायची जागा. मडकं म्हणाल तर साधंच, पोटाला फुगीर, गळ्याला आखूड. त्याच्या तोंडावर बोकडाचं कातडं ताणून बांधलेलं, कातड्याला मधोमध बारीक भोक आणि त्यातून ओवलेली, आतून गाठ मारलेली दोरी. दोरीला राळ चोळायची, ओल्या फडक्यात धरायची आणि ओढायची. तुम्ही-आम्ही ओढली तर खाट करकरल्यासारखा आवाज येतो. उकंडानं ओढली की रानडुकरं कणीस तोंडातून टाकून नाल्याकडे उधळत आणि रोही, म्हणजे नीलगाई, कुंपणासकट पार होत. दहा एकर ज्वारी एका मडक्यावर राखणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

छप्पन्न साली उकंडाच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं काम त्या दिवसापासून बंद केलं. गावातल्या काही जणांना ते झोंबलं. कोणीतरी त्याला चिमटा काढला, "मंग मडक्यावरचं कातडं कसं चालते रे तुले?" उकंडा शांतपणे म्हणाला, "ढोरं ओढनं तुमी आमच्या माथी मारलं होतं. मडकं म्या शिकलो. अन् कातडं मालेगावच्या खाटकाकून इकत आनतो, तुमच्या दारातून नाई."

हे मडकं त्याला बापानं, गोविंदानं, दिलं. पण हातात द्यायच्या आधी दहा वर्षांच्या उकंडाला त्यानं पोळा झाल्यावर हिवऱ्याच्या नाल्यावर नेऊन बसवलं. दोन संध्याकाळी काहीच झालं नाही. तिसऱ्या संध्याकाळी उकंडा भाकर खायला बसला होता. घास तोंडाशी नेला आणि नाल्यातून तो आवाज आला. कुठून आला ते कळलंच नाही, तो आधी बुडाखालच्या दगडातून आला, मग पोटातून, आणि कानात सगळ्यांत शेवटी. घास हातातच राहिला. परत येताना भाकर फडक्यात तशीच होती.

वाटेत बाप म्हणाला, "पयला आवाज त्याचा, दुसरा आपला. त्याचा आयकल्याबिगर सालाचं मडकं वढायचं नाई. आपन नकल करतो, लबाडी नाई करत. त्या डुकरायचा इस्वास हाय आपल्यावर."

डुकरांचा विश्वास! पोरवयात उकंडाला हसू आलं होतं. पण नेम त्यानं पाळला. दर साली पोळ्यानंतर भाकर बांधून घ्यायची, नाल्यावर बसायचं, वाघ ऐकायचा, घरी येऊन त्या आवाजाबरहुकूम कातडं ताणायचं किंवा सैल करायचं. म्हणून तर त्याचा वाघ दर साली वेगळा असायचा. नाल्याची वाघीण होती, ती सुरुवात बारीक करून शेवटी घुमायची. एक नर होता, तो ओरडायच्या आधी माणसासारखा खाकरायचा. उकंडानं त्याचं नाव खोकल्या ठेवलं होतं आणि मडक्यावर बोटाचं टोक टिचकावून ती खाकरसुद्धा तो काढायचा. खरं सांगायचं तर या माणसानं उभ्या आयुष्यात वाघ तीनदाच पाहिला. पण आवाजानं त्यानं सात वाघ ओळखले होते आणि त्यांच्याविषयी तो सोयऱ्याधायऱ्यांसारखा बोलायचा.

त्याची बायको सोजरा, रिठदची, जिभेची तिखट. ती म्हणायची, "लगन लावतानी सांगतलं असतं ना, का घरात सात जनं अजून हायेत, तं म्या भाकरीचा हिसाब धरला असता." पण पोळा झाला की तीच न सांगता फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधायची, आणि तो परतला की उंबऱ्यातच विचारायची, "आयकला काय?"

"आयकला," उकंडा म्हणायचा. मग सोजरा फडकं सोडायची, गार भाकरी तव्यावर पुन्हा गरम करायची आणि दोघं जेवायला बसायची. ते दिवसच तसे होते. मोहाच्या झाडाखालून जायचं तर खाकरून जावं लागे. चितळांचे कळप पाणंदीत यायचे. बैलगाडीला कंदील बांधल्याशिवाय पातूरचा घाट कोणी चढत नसे. भीती होती, पण त्या भीतीत एक ऐट होती, आमच्या रानात वाघ आहे अशी. आता कंदील नाही, ऐटही नाही.

रान एका दिवसात रिकामं झालं नाही. आधी ठेकेदार आले, साग गेला. मग कोळशाच्या भट्ट्या लागल्या, मोह-धावडाही गेला. चितळं बंदुकीनं गेली, उरलेली फाशांनी. खायला काही उरलं नाही तेव्हा वाघानं गाई धरल्या, आणि ज्याची गाय गेली त्यानं मढ्यावर कपाशीचं औषध शिंपडलं. नाल्याची वाघीण तशीच गेली असावी. एका साली ती बोलली नाही, एवढंच उकंडाला कळलं. पण खोकल्या होता. एक गेला की दुसरा येतो हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं.

आणि मग सहासष्ट सालच्या मार्गशीर्षात अकोल्याकडचे एक शिकारी साहेब जीप घेऊन आले. परवाना होता, सगळं कायद्यात होतं. चार दिवस डबे बडवून हाका घातला तरी वाघ काही उठेना. कोणीतरी त्यांना मडक्याचं सांगितलं. साहेबांनी उकंडाला खुर्ची दिली. खुर्ची! म्हणाले, "ऐकलंय, तू वाघिणीचा हुबेहूब आवाज काढतोस. वाघाला फसवता येईल का रे तुला?"

तिथं माणूस चुकला. पैशासाठी नाही, भीतीनंही नाही. डुकरांना फसवून काय ते मोठेपण. प्रत्यक्ष वाघ फसला तर बापाच्याही वरचढ झालो, असं त्याच्या मनानं घेतलं. दिवस कलता कलता त्यानं नाल्याच्या तोंडाशी बसून वाघिणीची साद ओढली. बारीक सुरुवात, शेवटी घुमत. पलीकडच्या टेकडीवरून आधी खाकर आली, मग उत्तर. त्यानं पुन्हा ओढली. उत्तर जवळ आलं. उकंडाला वाटलं, आपलं काळीज आता मडक्यातच फुटतं. किती आनंद झाला होता त्याला! वाघ त्याच्याशी बोलत होता. चौथ्या सादेला खोकल्या करवंदीच्या जाळीतून बाहेर आला, मान उंच करून, लग्नघरी आल्यासारखा. आणि गोळी सुटली.

साहेबांनी खूश होऊन अंगातला लोकरी कोट काढून उकंडाच्या खांद्यावर टाकला. कोट घालून तो गावात आला तेव्हा लोक बघायला जमले. सोजरानं कोटाला हात लावून पाहिला आणि आत निघून गेली.

उकंडानं मनाची समजूत घातली की दुसरा येईल. रिकामं रान वाघ कधी ठेवत नाही. पण दुसरा यायचा म्हणजे तो कुठंतरी असावा लागतो, ही एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. मोठमोठ्या शिकलेल्यांच्या तरी कुठं आली होती?

पुढच्या पोळ्यानंतर तो नाल्यावर तीन संध्याकाळी बसला. मग सहा, मग नऊ. टिटवी ओरडली, पाणी वाजलं, आणखी काही नाही. इकडे ज्वारी निसवली होती आणि डुकरं वावराच्या धुऱ्याशी, बांधालगत, हुंगत होती. दहाव्या संध्याकाळीही तो तसाच घरी परतला.

"आयकला काय?" सोजरानं विचारलं.

"आयकला," उकंडा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा तो बायकोशी खोटं बोलला, आणि तेही वाघाच्या नावानं. त्यानं खोकल्याचाच आवाज आठवून कातडं ताणलं. डुकरं पळाली. शेषराव पाटलाची रास झाली. मग दर साली तेच. सोजरा विचारायची, तो "आयकला" म्हणायचा. पाच साल असं चाललं. कोट त्यानं केव्हाच आढ्याला टांगला होता. त्याला कसर लागली तरी खाली काढला नाही.

एकाहत्तरच्या हंगामात मात्र काहीतरी बिनसलं. वावरात येणाऱ्या कळपात एक कानफाटी म्हातारी डुकरीण होती. मडकं वाजलं की ती सगळ्यांत आधी नाक वर करायची आणि फुस्सकन वळायची. बाकीचे तिच्या शेपटीमागे. त्या वर्षी ती वळली तेव्हा मागची तरणी डुकरं वळलीच नाहीत. नुसती तिच्याकडे पाहत राहिली, म्हातारीला काय झालं म्हणून. ती पुन्हा आली, पुन्हा पळाली, एकटीच. दिवाळीच्या सुमारास ती कोणाच्या तरी फाशात अडकून मेली.

त्यानंतरच्या संध्याकाळी उकंडानं माळ्यावर बसून असा वाघ ओढला की खाली बांधलेल्या पाटलाच्या बैलांनी दावं तोडलं. डुकरांनी मान वर केली. माळ्याकडे पाहिलं. आणि पुन्हा खायला लागली.

उकंडानं दोरी सोडून दिली. त्याला बापाचं ते वाक्य आठवलं आणि या खेपेला हसू आलं नाही. या डुकरांनी वाघ ऐकलाच नव्हता. त्यांच्या आयांनीही बहुतेक नाही. कानफाटीला तेवढी आठवण होती आणि पाच साल तो तिच्या आठवणीवर ज्वारी राखत होता. आता वाघ आठवणारं त्या रानात कोणी उरलं नव्हतं. तो एकटा सोडून.

सकाळी अर्धं वावर आडवं झालेलं पाहून शेषराव पाटील कमरेवर हात ठेवून म्हणाला, "उकंडा, तुह्या वाघाले सर्दी झाली काय रे?"

"बुढा झाला, पाटील."

"तू का वाघ?"

"दोघंबी," उकंडा म्हणाला. पाटील मनानं वाईट नव्हता. त्यानं पुढच्या साली फटाक्यांची सोय करायची ठरवली आणि उकंडाला घरच्या गोठ्याचं काम दिलं. मडकं आढ्यावर गेलं, कोटाच्या शेजारी.

दुसऱ्या साली उन्हाळ्यात सरकारनं देशभरातले वाघ मोजायला काढले. मेडशीच्या जंगलाचा नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार, रामकिसन नावाचा रिसोडकडचा सव्वीस वर्षांचा माणूस होता. अंगात खाकी, काखेत कागदांची पिशवी आणि मनात एकच इच्छा, की आपल्या हद्दीत एक तरी वाघ निघावा. तो ओढ्याओढ्यानं पायाचे ठसे शोधत हिंडला. तडसाचे मिळाले, बिबट्याचा एक मिळाला. पण टेकडीपलीकडच्या तांड्यावर गेला तेव्हा नाईक फुलसिंग छातीवर हात ठेवून म्हणाला, "वाघ हाय. दरसाल ज्वारीच्या टायमाले आमी सारे आयकतो. लेकरं दाराबाहेर पाय ठेवत नाईत." मेडशीच्या बायांनीही, नव्या सुनेला भिवडवावं तसं, हसू दाबून तेच सांगितलं. रामकिसनचे पाय जमिनीला लागेनात. कागदावर "एक" लिहायचं तेवढं राहिलं होतं; फक्त रान जाणणाऱ्या कोणा जुन्या माणसाची सही हवी होती. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

दुपार कलताना तो उकंडाच्या दाराशी आला. सोजरानं पाणी दिलं, काळा चहा दिला. रामकिसननं कागद पसरला. "काका, तुमाले सही येते म्हने."

"येते. विहारातल्या रातच्या वर्गात शिकलो."

"मंग करा. तुमी तं वाघाचे जुने जानकार. एक वाघ हाय म्हनून लेहून राह्यलो."

उकंडानं कागद हातात घेतला. सही करून गप्प बसला असता तरी चाललं असतं. गावाला वाघ मिळाला असता, नाकेदाराला शाबासकी, आणि त्याचं खोटं सरकारी शिक्क्याखाली कायमचं झाकलं गेलं असतं. तांड्यानं ऐकलेला वाघ त्याच्या डोक्यावर, आढ्याला टांगलेला होता. एक सही केली की खोकल्या मेला नव्हता, नाल्याची वाघीण मेली नव्हती, आणि त्यानं कोणाला हाक मारून आणलं नव्हतं. हात कागदावर गेलाही. पण बापाचा शब्द आडवा आला. नक्कल करतो, लबाडी नाही.

"नाकेदार," तो म्हणाला, "माह्यासंगं नाल्यावर चालता काय? तिथं सांगतो."

त्यानं आढ्यावरून मडकं काढलं. सोजरानं काही न विचारता भाकरी बांधून दिल्या, जशा ती पोळ्यानंतर बांधायची. पोळ्याला अजून तीन महिने होते.

नाल्यात पाण्याचं डबकं तेवढं उरलं होतं. दगडावर बसून उकंडानं सगळं सांगितलं. मडकं, तांड्यानं ऐकलेला आवाज, जीप, चौथी साद, कोट, पाच सालांचं खोटं. रामकिसननं कागद हळूच पिशवीत सरकवला.

मग तो म्हणाला, "मोजनी शिकवतानी आमचे साहेब सांगत होते, समुद्रापल्याड बाली नावाचं बेट हाय. तिथं वाघाची येगळी जात होती, लहान चनीची. रान तोडून वावरं केली, बंदुका आल्या, अन् तीस-पस्तीस सालाखाली जातच संपली. तसा वाघ आता दुनियेत कुठीच नाई. आपलाबी त्याच वाटेनं निंगाला म्हने."

उकंडानं विचारलं, "तिथं रानडुकरं हायेत?"

"असतीन. मले नाई मालूम. काहून?"

"त्यायले पयले समजलं असन," उकंडा म्हणाला. "मानसं मांगून मोजतात."

ऊन डोंगरावर चढत गेलं. रामकिसन खडे उचलून टाकत बसला होता. मग मान खाली घालून म्हणाला, "काका, एक बोलू? हसू नका. म्या वाघ मोजून राह्यलो, पन म्या वाघ कवाच आयकला नाई. उद्या कुठून आला एखांदा, बोलला, तं मले कसं समजन?"

उकंडा हसला नाही. वाघ मोजणाऱ्या माणसानं वाघ ऐकलेला नव्हता. डुकरांनी नाही, नाकेदारानंही नाही. त्यानं मडकं मांडीवर घेतलं, फडकं डबक्यात बुडवलं, दोरीला राळ चोळली. "बा, माफ करजो," तो पुटपुटला, "पयला आवाज त्याचा नाई ह्या खेपेले."

आणि त्यानं वाघीण ओढली. बारीक सुरुवात, शेवटी घुमत. डबक्यातलं पाणी थरथरलं. रामकिसन दगडावरून उठलाच. त्याच्या दंडावरचे केस ताठ उभे राहिले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साद संपली तसा उकंडाचा हात वर गेला. दोरी धरलेला हात, तसाच हवेत. सवयच ती, साद घातली की उत्तराला जागा ठेवायची. तो पलीकडच्या टेकडीकडे कान लावून थांबला. आधी खाकर यायला हवी होती. रामकिसनही श्वास धरून थांबला. टेकडी उघडी होती, ठेकेदारानं कापून नेलेली, आणि तिच्यावरून एक टिटवी ओरडत गेली. त्यानंतर काहीच आलं नाही. उकंडाचा हात दुखायला लागला तरी त्यानं तो खाली घेतला नाही.

शेवटी हात त्यानं मांडीवर ठेवला. "लिवा," तो म्हणाला.

रामकिसननं कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर शून्य काढलं. खाली उकंडानं सही केली.

दिवेलागणीला तो घरी पोचला. सोजरा उंबऱ्यात उभी होती. सारा गाव आवाज ऐकून बुचकळ्यात पडला होता, भर उन्हाळ्यात उकंडाचा वाघ कसा बोलला म्हणून. तिनं मडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आयकला काय?" तिनं विचारलं.

"नाई," उकंडा म्हणाला. "पाच सालापासून नाई आयकला, सोजरे. म्या लबाड बोललो तुह्याशी."

सोजरानं त्याच्या हातून फडकं घेतलं. ते रिकामं होतं. भाकरी दोघांनी नाल्यावर खाल्ल्या होत्या. तिनं ते झटकून खुंटीला अडकवलं.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "तुमी खरंच आयकून येत, तवा भाकर वापस येत होती."